तुटायचं कुणी, ते आधी ठरवा

टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीने १९९९ मध्ये टी-मॅक्स नावाचा रिमोटवरचा ट्रक बाजारात आणला. चारही चाकांना ताकद, दोन गिअर, वर रिव्हर्स. इंजिन अडीच सीसीचं, पुढे ते ३.३ सीसीचं झालं. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर असलं इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या घरात फेरे घेतं. एवढ्या मस्तीला जोडलेले शाफ्ट मात्र प्लॅस्टिकचे, आणि स्पर गिअरही प्लॅस्टिकचा. पहिला शाफ्ट तुटला की मालकाच्या तोंडून शिवी निघतेच. तरीही त्या प्लॅस्टिकमध्ये शहाणपण आहे, असं माझं मत आहे.

ताकदीचा रस्ता असा. फेरे वाढले की क्लचचे शू बाहेर फाकतात आणि क्लच बेलला धरतात. बेलचे दात स्परला फिरवतात, तिथेच स्लिपर, म्हणजे जोर फार झाला की घसरणारा क्लच, असतो. मग गिअरबॉक्स, पुढचा-मागचा डिफरन्शियल आणि शेवटी चाकांकडे जाणारे चार शाफ्ट.

आता बदलापूरच्या आसपास, भाताची कापणी झालेल्या शेतात हा ट्रक बांधावरून उडवा. हवेत चाकं मोकळी सुटतात, इंजिन किंचाळतं. ढेकळावर टेकताच चाकांचा वेग एका क्षणात पडतो, पण इंजिनचं फ्लायव्हील त्याच वेगात फिरत असतं. तो हिसका मधल्या भागांनी सोसायचा. जमीन यायच्या आत थ्रॉटल सोडला तर बरीचशी मोडतोड तिथेच वाचते, पण उडवण्याच्या नादात बोट सुटत नाही.

मग सुरू होतं अपग्रेड. आधी स्टीलचे शाफ्ट येतात. शाफ्ट तुटायचे थांबतात आणि डिफमधल्या क्राउन गिअरचे दात जाऊ लागतात. डिफ मजबूत केला की पाळी गिअरबॉक्सची. टी-मॅक्सवाले बरेचदा रिव्हर्सच काढून ‘फॉरवर्ड ओन्ली’ करून टाकतात. भाग कमी, तुटायला जागाही कमी. मला हा उपाय सगळ्यांत पटतो. स्टीलचा स्पर मात्र नको. तो कर्कश वाजतो, बेलचे दात खातो, आणि चाक कुठे अडकलं तर स्वस्तात तुटेल असं काही शिल्लकच ठेवत नाही. प्लॅस्टिकचा स्पर हा घरातल्या फ्यूजसारखा आहे. त्या जागी जाड तार लावणारेही असतात म्हणा.

स्टीलचे परदेशी भाग महाग पडतात, आणि इथे मदतीला येतो उल्हासनगर-अंबरनाथचा पट्टा. एका बाजूला अंबरनाथची सरकारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. पलीकडे आनंदनगर एमआयडीसी. लेथ, हॉबिंग, वायरकट, हार्डनिंग हे शब्द इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद शिळा झाला, पण नमुना पाहून वस्तू उतरवण्याचं तिथलं कसब अजून ताजं आहे.

फसगत होते ती मापात. टी-मॅक्सचा स्पर ०.८ मॉड्यूलचा. इंची ३२ पिच म्हणजे ०.७९, त्यामुळे त्यांची जोडी जमते. १ मॉड्यूलचा गिअर त्यावर चढवला तर दात चाटून जातात.

दुसरी फसगत भट्टीत. शाफ्टला इएन-२४ स्टील उत्तम. तेलात क्वेंच करून नीट टेंपर केलं की पिळाला चिवट राहतं. गिअरला २०एमएनसीआर५ घेऊन केस हार्डनिंग करतात, आणि इथे तोंड उघडून बोलावं लागतं. मोटारीच्या गिअरला ०.८ मिमी खोल केस, म्हणजे कडक केलेला बाहेरचा थर, चालून जाते. आपल्या ०.८ मॉड्यूलच्या दाताची जाडीच पिच वर्तुळावर जेमतेम सव्वा मिमी. दोन्ही अंगांनी ०.८ आत गेलं तर मधला चिवट गाभा राहणार कुठे? दात आरपार कडक होतो आणि पहिल्याच हिसक्याला उडतो. केस ०.१५ ते ०.२ मिमीच मागायची. एका चिमुकल्या गिअरसाठी कुणी भट्टी पेटवत नाही. तो दुसऱ्याच्या मोठ्या लॉटबरोबर आत जातो आणि त्या लॉटची केस घेऊन बाहेर येतो. म्हणून बारीक कामाचा लॉट लागेपर्यंत थांबा.

पण भट्टीपर्यंत जाण्याआधी डिफ उघडून पाहा. जुनं ग्रीस पुसा, पिनियन बोटाने दाबून धरा आणि क्राउन मागेपुढे हलवा. खटखट जाणवली तर क्राउनच्या मागे ०.१ मिमीची शिम (पातळ चकती) घाला. फिरवताना जड लागलं तर शिम काढा. ढिलं जुळलेलं स्टीलही दात गमावतं, नीट शिम केलेला कंपनीचा क्राउन मात्र मुकाट खेळतो.

क्लच बेलमधली ५×११×४ मिमीची दोन बेअरिंगंही तपासा. इंधनातल्या तेलावर धूळ बसते, वर क्लचची धग. ती जाम झाली की आयडलवरही ट्रक आपोआप पुढे सरकतो आणि लोक उगाच कार्ब्युरेटर पिळत बसतात.

तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवा: बेअरिंग, शिम, दोन-तीन जादा प्लॅस्टिक स्पर, फॉरवर्ड ओन्ली, आणि पैसे उरलेच तर मागचे दोन शाफ्ट स्टीलचे. पुढचे प्लॅस्टिकचेच राहू द्या.