वहीला 'आर' येतच नाही!

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात कर्करोगाच्या जनुकांवर संशोधन चालतं. प्रथिनं घडवणारी जनुकं माणसात साधारण 20,000. गाठीतल्या पेशींमध्ये त्यांतली कोणती जास्त सक्रिय झाली, कोणती थंडावली, हे निरोगी पेशींशी ताडून पाहायचं आणि तेही अनेक रुग्णांच्या बाबतीत! असल्या कामासाठी जगभरचे संशोधक 'आर' ही संख्याशास्त्राची भाषा वापरतात. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती 1990च्या दशकात घडवली.

हीच आर आज ज्युपिटर नोटबुकमध्ये चालते. ब्राउझरमध्ये उघडणारी ही वही: एका चौकटीत टिपण, पुढच्या चौकटीत कोड, त्याच्याच खाली आलेख. पण तिचा जन्म पायथॉनच्या घरातला. फर्नांडो पेरेझ यांनी 2001 मध्ये आयपायथॉन सुरू केलं, त्यातूनच 2014 मध्ये ज्युपिटर वेगळं झालं. मग या वहीला आर कशी समजते?

समजतच नाही, आणि मला सगळ्यात थक्क करतं ते हेच. आपण शिफ्ट-एंटर दाबलं की वही चौकटीतला मजकूर न वाचताच एका संदेशात घालून 'कर्नल' नावाच्या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे धाडते आणि चौकटीशेजारी ताऱ्याचं चिन्ह उमटतं. आरसाठी तो प्रोग्रॅम म्हणजे आयआरकर्नल. तो 'कामात आहे' असं कळवतो. मग तो कोड आरकडून चालवून घेतो, उत्तर धाडतो आणि 'मोकळा झालो' असं सांगतो. उत्तरही एकाच रूपात येत नाही. एकच तक्ता साधा मजकूर म्हणून येतो आणि वेबपानाच्या भाषेतही येतो. दाखवता येईल तेवढं उत्तम रूप वही निवडते. कर्नल जिवंत आहे ना, हे तपासायला वेगळी वाहिनी असते: तिच्यावरून पाठवलेले बाइट तसेच परत आले की झालं.

वही आणि कर्नल असे वेगळे असल्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. चौकट पुसून टाकली तरी तिच्यात तयार झालेली संख्या कर्नलच्या स्मृतीत राहते. पानावर जिचा मागमूस नाही, अशी संख्या पुढच्या आलेखात बसलेली असू शकते! रुग्णांच्या आकड्यांशी काम करणाऱ्याने म्हणूनच निष्कर्ष मांडण्यापूर्वी कर्नल नव्याने सुरू करून सगळ्या चौकटी वरून खाली चालवाव्यात, असं मला कळकळीने वाटतं.

आणि वही व कर्नल एकाच यंत्रावर असण्याचीही गरज नाही. वही खारघरमधल्या लॅपटॉपवर उघडी असते. लॅपटॉपला न पेलणारा तक्ता ज्याच्या स्मृतीत मावेल असा सर्व्हर खाडीपलीकडे कुठेही असू शकतो. संदेशांची ही रीत पाळणारे शंभराहून अधिक कर्नल आज लिहिले गेले आहेत, आणि त्यांतल्या एकाचीही भाषा वहीला शिकावी लागलेली नाही.