रंगीतोतो सरकला, त्याची गोष्ट

ऑकलंडला ‘सिटी ऑफ सेल्स’ म्हणतात. इथे दहा वर्षं काढल्यावर माणसाला एकतर रग्बी कळायला लागतं, नाहीतर बोट घ्यावीशी वाटते. मला रग्बी अजून कळलेलं नाही.

बोट म्हणजे काही राजेशाही थाट नव्हे. २४ फुटांची, सेकंडहँड, वर चार माणसांना बसायला छप्पर. आधीच्या मालकाने तिच्यावर एक जुना रडार बसवलेला होता. त्याचा पडदाही स्वतंत्र. मी हौसेने नवा जीपीएस चार्टप्लॉटर घेतला. दोन्ही एकमेकांना जोडले की काम झालं, इतका साधा माझा हिशोब. सौ.चा हिशोब वेगळा होता. त्या पैशांत आम्ही सगळे भारतात जाऊन आलो असतो.

जोडायचं कशासाठी, हे आधी सांगतो. जीपीएस सांगतो, ‘तू इथे आहेस’. आजूबाजूला काय आहे हे त्याला माहीत नसतं. त्याच्या पडद्यावर दिसतो तो छापील नकाशाच, फक्त विजेवर चालणारा. समोरून येणारी फेरी, नांगर टाकून झोपलेली होडी यांचा त्याला पत्ता नाही. रडारचं उलट. त्याला आजूबाजूचं सगळं दिसतं, पण आपण जगाच्या पाठीवर कुठे आहोत हे कळत नाही. एक आंधळा, एक पांगळा. गोष्टीतल्यासारखी त्यांची जोडी लावायची, एवढंच काम. हिवाळ्यात वाइटेमाटा बंदरावर सकाळी असं धुकं उतरतं की फेऱ्यासुद्धा खोळंबतात. अशा वेळी ही जोडी एकमेकांशी खरं बोलते आहे ना, हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

या यंत्रांची एक भाषा असते. अमेरिकेतल्या सागरी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या संघटनेने १९८३ साली ती ठरवली, नाव एनएमईए ०१८३. सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे आजच्या हिशेबाने गोगलगाय. पण जुनी यंत्रं तिच्यातच बोलतात. एक बोलणार, बाकीचे ऐकणार असा नियम. एका तारेवर एकालाच बोलायची परवानगी. आमच्या मंडळाच्या मीटिंगला हा नियम लावावा असं मला फार दिवस वाटतं. गंमत म्हणजे या भाषेतलं जवळजवळ प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं. हे मी घरी सांगितल्यावर सौ. म्हणाली, “तुमच्या बोटीचं सगळंच डॉलरने सुरू होतं.”

तारा कशा जोडायच्या? बोलणाऱ्याची अधिक तार ऐकणाऱ्याच्या अधिकला, उणे तार उणेला. वाचायला सोपं आहे. पण एका कंपनीची पिवळी तार दुसऱ्या कंपनीची पांढरी असते आणि तिसरीची कुठली, ते पुस्तकात बघावं लागतं. पहिल्या दिवशी मी त्या उलट जोडल्या. काही जळलं नाही, पण रडारच्या पडद्यावर अक्षांश-रेखांशाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. घरातली उरलेली वायर वापरली हा दुसरा शहाणपणा. खाऱ्या हवेत एका हिवाळ्यात ती आतून हिरवी पडली. बोटीला कल्हई केलेल्या तांब्याची वायरच लागते, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो पैसा वाचवू नये.

आता खरी मेख. जीपीएस जोडला, आकडे आले, मी खूष. रडार उत्तर-वर ठेवला, म्हणजे नकाशासारखी उत्तर दिशा पडद्याच्या माथ्यावर. बोट मरीनात बांधलेली, आणि रडारचं चित्र फुगडी घातल्यासारखं गरगर फिरायला लागलं! मंडळातले एक मित्र इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत. त्यांनी समजावलं. जीपीएसला बोटीचं नाक कुठे आहे ते कळत नाही, बोट कुठे चालली आहे तेवढंच कळतं. उभ्या बोटीला ‘कुठे चाललीस?’ विचारलं तर ती दर सेकंदाला वेगळं उत्तर देणार. भरतीच्या ओढीत तर नाक एकीकडे आणि चाल दुसरीकडे. रडारला नाकाची दिशा हवी, आणि ती देतं होकायंत्र. त्यासाठी विजेवरचं वेगळं होकायंत्र घ्यावं लागलं. (हा डॉलर मी घरी जरा उशिरा सांगितला.)

होकायंत्र आधी मी रेडिओच्या स्पीकरजवळ बसवलं होतं. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो हे शाळेत शिकलो होतो, तरीही. तिथून हलवून ते पुढे लाकडी फळीवर लावलं. मग बोट शांत पाण्यात हळूहळू गोल फिरवायची, म्हणजे होकायंत्र बोटीतल्या लोखंडाचा प्रभाव मोजून वजा करतं. त्या वेळी देवगडहून आमचे अण्णा आलेले होते. अशा दोन प्रदक्षिणा झाल्यावर त्यांनी विचारलं, “तिसरी कोणासाठी?”

त्याच दिवशी आम्ही बीन रॉकपर्यंत गेलो. १८७१ सालचं ते लाकडी दीपगृह अजून खांबांवर उभं आहे, जणू कोणाचं घर पाण्यात चालत निघालंय. आकाश निरभ्र, समोर रंगीतोतो. मी दोन्ही पडदे शेजारी शेजारी लावून अभिमानाने अण्णांना दाखवले. अण्णा निवृत्त शिक्षक, पण लहानपण तांडेलांच्या घरांशेजारी गेलेलं. त्यांनी एकदा या पडद्याकडे पाहिलं, एकदा त्या, मग समोरच्या डोंगराकडे.

“मेल्या, ह्यो डोंगर खंय चल्लो?”

पाहतो तर खरंच. नकाशावर रंगीतोतो खाडीच्या वाटेच्या उजवीकडे, जागच्या जागी. रडारवर मात्र तो डावीकडे सरकून थेट रंगीतोतो चॅनेलवर बसलेला. म्हणजे रडारवर मोजलेली दिशा नकाशावर टाकली, तर मोकळं पाणी नॉर्थ शोअरच्या घरांवर येत होतं. दिवस स्वच्छ होता म्हणून आम्ही हसलो. धुक्यात मी कोणावर विश्वास ठेवला असता, हे मला आजही सांगता येत नाही.

चूक यंत्रांची नव्हती. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकीय उत्तरेकडे वळते. नकाशा काढलेला असतो तो खऱ्या उत्तरेला धरून. या दोन्हींतला फरक जागोजाग बदलतो. ऑकलंडला तो सुमारे २० अंश पूर्वेकडे आहे. रडारच्या मेनूत ‘व्हेरिएशन’ नावाची एक ओळ आहे आणि तिच्यासमोर होतं ००.०. बहुधा बॅटरी काढली तेव्हा तो आकडा पुसला गेला असावा. चार्टप्लॉटर हा फरक स्वतः काढतो, जुन्या रडारला तो हाताने सांगावा लागतो. २० अंश म्हणजे किती? एका सागरी मैलावरची वस्तू सुमारे ६४० मीटर सरकलेली दिसते. त्या चॅनेलमध्ये ६४० मीटर म्हणजे गंमत नव्हे.

अण्णांना हे पटेना. “आमच्या देवगडाक होकायंत्र खोटा बोलणा नाय,” ते म्हणाले. आणि त्यांचंही बरोबर होतं! कोकणच्या किनाऱ्यावर हा फरक एखाद्या अंशाच्या आसपास आहे, मुंबईला तर जवळजवळ नाहीच. ००.० हा आकडा भाऊच्या धक्क्यावर बिनघोर चालला असता. आपल्याकडच्या तांडेलाला सुई आणि ध्रुवतारा यांच्यातलं भांडण सोडवावं लागलं नाही. आम्ही इथे आलो, ध्रुवतारा क्षितिजाखाली गेला आणि सुईही वाकडी झाली. इथल्या छापील नकाशावर दिशांचं एक चक्र असतं, त्यात हा फरक आणि तो दरवर्षी किती बदलतो ते लिहिलेलं असतं. मी तो नकाशा विकत घेऊन गादीखाली ठेवला होता.

लिटलटनच्या बंदराची आठवण अण्णांनीच काढली. कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० ला पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने ती करणारे ते पहिले भारतीय. वाटेत त्यांचा एक मुक्काम आपल्या लिटलटनला होता. ऑगस्टमध्ये सुई सरळ दाखवणाऱ्या बंदरातून निघालेल्या माणसाला इथे पोचेपर्यंत किती वेळा हा हिशोब बदलावा लागला असेल! अण्णांना मात्र वेगळीच काळजी. “तो झोपलो खंय?” रडारला एक वर्तुळ नेमून देता येतं, त्यात काही शिरलं की तो बोंब मारतो, हे मी त्यांना दाखवलं. तेवढ्यात एक सीगल उडत गेला. रडार ओरडला नाही, पण अण्णा दचकले.

आणखी दोन तारा मी नंतर जोडल्या, त्या अण्णांच्या आग्रहाने. कोकणातल्या त्यांच्या पिढीला ‘रामदास’ विसरता येत नाही. १७ जुलै १९४७ ला ती बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कितीतरी तास काहीच कळलं नाही. अण्णांचा प्रश्न सरळ होता. “तुका काय झाला, तर सुनेन कोणाक काय सांगायचा?” रेडिओ कसा वापरायचा हे सौ.ला येत होतं, पण आपण कुठे आहोत हे ती काय सांगणार? ‘रंगीतोतोच्या मागे’? म्हणून जीपीएसच्या बोलण्याच्या तारेवरच रेडिओची ऐकण्याची जोडी लावली. बोलणारा एक, ऐकणारे दोन चालतात. आता रेडिओच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश सतत दिसतात. १६ नंबरच्या चॅनेलवर जाऊन ते वाचून दाखवायचे, बस. मुलाकडून आणि सौ.कडून आम्ही हे रेडिओ बंद ठेवून चार वेळा म्हणून घेतलं. मुलगा इंग्रजी आकडे भरभर वाचतो. सौ. सावकाश वाचते, आणि सावकाशच बरं.

नवीन बोटींना ही कटकट फारशी नाही. एनएमईए २००० नावाच्या एकाच जाड तारेला बहुतेक यंत्रं टी-जोडांनी लावतात, आणि रडारचं चित्र थेट नकाशावर अंथरलेलं दिसतं. तिथेही होकायंत्र लागतंच, आणि ते खरी उत्तर सांगतंय की चुंबकीय, हे बघावंच लागतं. बोट घेणाऱ्या कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो की पहिल्यांदा स्वच्छ उन्हात जा, एखादा डोंगर निवडा, आणि तो दोन्ही पडद्यांवर एकाच जागी आहे का ते बघा. शक्य असेल तर सोबत एखादे अण्णा न्या.

मेनूत २०.० पूर्व भरल्यावर आम्ही पुन्हा बीन रॉकला गेलो. डोंगर जागेवर आला होता. अण्णांनी खिशातली पेन्सिल काढली, मास्किंग टेपच्या तुकड्यावर शिक्षकी अक्षरात ‘पूर्व २०’ लिहिलं आणि तो रडारच्या पडद्याखाली चिकटवला. ते देवगडला परत गेले, टेप अजून तिथेच आहे.