जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

आमच्या घरातला संगणक २०१२ सालचा आहे. मरहूम अब्बांनी शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशातून तो घेतला. तिसऱ्या पिढीचा कोअर आय३ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज सेव्हन. त्या वेळी आमच्या मोहल्ल्यात तो पाहायला लोक येत. अब्बा रोज मगरिबनंतर त्याच्यासमोर बसायचे आणि दोन बोटांनी उर्दू टाइप करायचे. आमच्या खाडीकाठच्या गावाच्या जुन्या आठवणी ते लिहीत होते. २०१९ मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि लिखाण अपुरं राहिलं.

गेल्या पावसाळ्यात थोरलीच्या प्रवेशाचे अर्ज भरायचे होते. संगणक सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेई. चालू झाला की घड्याळात १ जानेवारी २०१२ ही तारीख, आणि प्रवेशाची साइट उघडायला गेलं की ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा. आम्ही दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, “सर, हे आता भंगार. नवीन घ्या.” नवीन घेण्याइतकी सोय त्या महिन्यात नव्हती. शिवाय अब्बांच्या फायली इनपेजच्या जुन्या आवृत्तीत केलेल्या. ती आवृत्ती उर्दू मजकूर स्वतःच्याच पद्धतीने साठवते, त्यामुळे मोबाइलवर किंवा साध्या वर्डमध्ये ती फाइल उघडली की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. संगणक गेला तर फायली हाती राहतील, पण वाचता येणार नाहीत.

म्हणून आम्ही तो स्वतःच दुरुस्त करायचं ठरवलं. ‘आम्ही’ म्हणजे आम्ही नवराबायको, दोघी मुली, आणि फोनवरून पुण्याचा भाचा, जो हीच कामं करून पोट भरतो. जे घडलं ते क्रमाने सांगतो, चुकांसकट, कारण असे जुने संगणक आपल्या बऱ्याच घरांत कापड पांघरून पडलेले आहेत.

पहिली चूक आधी कबूल करतो. वर्गात मुलांना आम्ही रोज सांगतो की पक्क्या वहीत उतरवेपर्यंत कच्ची वही फाडू नका. आणि इथे फायलींची नक्कल पेन ड्राइव्हवर न घेताच आम्ही स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

कॅबिनेट उघडण्याआधी वायर भिंतीतून काढायची, नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. वायर काढल्यावर पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावायचा. आपल्या अंगावरची स्थिर वीज जाणवतही नाही, पण रॅमसारख्या नाजूक भागाला ती पुरते. आणि मागच्या बाजूचा लोखंडी डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, तो काही झालं तरी उघडायचा नाही. वायर काढल्यानंतरही त्यात धक्का देण्याइतकी वीज काही काळ राहू शकते. धाकटीला आम्ही हेच दोनदा सांगितलं, कारण तिला तिथेच जास्त रस होता.

झाकण काढलं तर धुळीचा नमदा, एक सुकलेली पाल आणि प्रोसेसरच्या पंख्यात गुंतलेलं काही धाग्यासारखं. रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन सगळं साफ केलं. पंखा साफ करताना बोटाने अडवून धरायचा, वाऱ्याने गरगर फिरू द्यायचा नाही.

मग रॅम. आम्ही चार जीबीची पट्टी आणली, ती खाचेत बसेना. रॅमच्या पट्टीच्या तळाला एक छोटी खाच असते आणि डीडीआर३ व डीडीआर४ यांत तिची जागा वेगळी असते. दुकानातून चुकून डीडीआर४ दिली होती. जोर लावला असता तर पट्टी आणि बोर्ड दोन्ही गेले असते. २०१२ च्या आसपासच्या संगणकाला बहुतेक डीडीआर३ लागते. खात्री करायची तर जुनी पट्टी काढून सोबत न्यावी, तिच्या लेबलवर लिहिलेलं असतं. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तीही चालत नाही. स्वस्त मिळणाऱ्या काही डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलच्या बोर्डाला त्या दिसतच नाहीत. एवढं सगळं दुकानदाराला विचारायला संकोच वाटतो खरा, पण विचारावं.

पट्टी बदलून आणली, बसवली, बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा, आणि आतून बीप, बीप, बीप. ही बीप म्हणजे संगणकाची कण्हण असते. ती आली की बहुतेकदा रॅमकडे पाहायचं. आम्हाला वाटलं नवी पट्टी खराब. भाच्याने जुनीही काढून दोन्ही तपासायला सांगितलं. जुन्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर मळकट थर चढला होता. कोकणची दमट हवा आणि तेरा वर्षं. शाळेतलं साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, कण झटकले, बोट न लावता पट्टी परत बसवली. नवी पट्टी मात्र चांगलीच होती. तिचं एक टोक खटकन बसलं होतं, दुसरं नुसतं टेकलं होतं. दोन्ही बाजूंच्या कड्या आपोआप उभ्या राहून ‘खट्’ झालं की समजायचं पट्टी बसली. एवढ्यासाठी आम्ही संध्याकाळ घालवली आणि मनातल्या मनात दुकानदाराला बरंच बोलून घेतलं.

संगणक सुरू झाला तेव्हा सहा जीबी रॅम दाखवत होता, पण पुढे ‘वापरता येण्यासारखी’ साडेतीनच्याही खाली. यात बिघाड काही नव्हता. आमची विंडोज ३२ बिटची होती आणि तिला चार जीबीच्या पलीकडे पाहताच येत नाही. त्याचं उत्तर पुढे आलं.

आता घड्याळ. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा गोल चपटा सेल असतो, त्यावर सीआर२०३२ असा क्रमांक असतो. वीज नसताना तारीख आणि बोर्डाच्या जुळवण्या तोच जपतो. तो संपला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणकच २०१२ मध्ये बसलेला असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. दोन कप चहाच्या किमतीचा सेल आणला, बदलला, तारीख घातली. आम्ही खूश.

आणि विंडोज सुरू होईना.

चिन्ह यायचं, क्षणभर निळा पडदा, की संगणक पुन्हा पहिल्यापासून. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. शेजारच्यांच्या सल्ल्याने कॅबिनेट रिक्षात घालून दुसऱ्या दुकानात नेला. तिथल्या पोराने पाच मिनिटं पाहून सांगितलं, “हार्ड डिस्क गेली. फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, पण जुनं काही मिळणार नाही.” त्या क्षणी आम्हाला अब्बांची खुर्ची दिसली. फॉरमॅटला नको म्हणालो आणि कॅबिनेट तसाच घरी आणला. अम्मीने विचारलं, “झालं का रे?” आम्ही म्हणालो, “होईल.” त्या रात्री जेवण गेलं नाही.

भाच्याला फोन लावला. त्याने डिस्कबद्दल एक अक्षर विचारलं नाही. म्हणाला, “मामू, चालत होता तेव्हा आणि बंद पडला तेव्हा, मधे काय बदललंत?”

“फक्त सेल.”

“मग डिस्कला कशाला दोष देता? सुरू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, बायोस उघडेल. त्यात डिस्कचं नाव येतं का बघा.”

नाव येत होतं, कंपनीसकट, पाचशे जीबीसकट. “नाव आणि आकार सांगतेय म्हणजे डिस्क जिवंत आहे,” भाचा म्हणाला. “निळ्या पडद्यावरचा नंबर वाचा.” तो तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत जाई. थोरलीने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि नेमक्या जागी थांबवला. लांबलचक शून्यांच्या शेवटी ‘७बी’.

तिढा तिथे उलगडला. बायोसमध्ये डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती असतात, आयडीई आणि एएचसीआय. २०१२ मध्ये विंडोज बसवली तेव्हा आमच्या बोर्डावर आयडीई होती. सेल काढला तेव्हा बोर्ड सगळ्या जुळवण्या विसरून कारखान्यातल्या मूळ जुळवणीवर गेला, आणि ती होती एएचसीआय. विंडोज सेव्हनला त्या पद्धतीची तयारी करून ठेवलेली नसेल तर ती स्वतःचीच डिस्क उघडू शकत नाही आणि ‘७बी’ म्हणून कोसळते. ‘साटा मोड’ या ओळीत जाऊन आम्ही पुन्हा आयडीई निवडलं, एफ१० दाबून जतन केलं. विंडोज उघडली. पडद्यावर अब्बांनी लावलेलं खाडीचं चित्र आलं तेव्हा धाकटी टाळ्या वाजवत होती आणि आम्हाला चश्मा पुसावा लागला.

सेल बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आम्ही काढला असता तर रिक्षाचं भाडं आणि ती रात्र वाचली असती. त्यानंतर आम्ही दुसरं काही न करता अब्बांच्या फायली आणि सगळे फोटो दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतले. एक अम्मीच्या कपाटात आहे. डिस्क खरोखर मरायला लागते तेव्हा बहुधा टक्-टक् असा आवाज येऊ लागतो. तसा आला तर पुन्हापुन्हा चालू करून पाहू नये, लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावं.

वेगासाठी कुवेतहून आलेल्या धाकट्या भावाने एसएसडी आणून दिली होती. ती जोडली, बायोसमध्ये दिसेना. पण आता आम्ही शहाणे झालो होतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलून पाहायची ती चालत असलेल्या वस्तूशी. आधी डेटाची केबल बदलली, फरक नाही. मग डीव्हीडी ड्राइव्हचा पॉवरचा प्लग काढून एसएसडीला लावला, लगेच दिसली. एसएमपीएसचा तो एक प्लगच सैल होता. बोर्ड जुना असल्याने एसएसडी तिच्या पूर्ण वेगाने धावत नाही, पण दहा मिनिटांच्या जागी अर्ध्या मिनिटात संगणक उभा राहतो; तक्रार कुणाला?

विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं. आमच्या एका सहशिक्षकांची नवी डिस्क बायोसमध्ये दिसत होती, पण विंडोजमध्ये नाही. कोऱ्या डिस्कवर आधी ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन जागा आखावी लागते, तोवर ती दिसत नाही. मात्र त्याच यादीत जुनी भरलेली डिस्कही असते. आकार पाहून खात्री केल्याशिवाय बटण दाबू नये, आणि जुनी डिस्क ‘फॉरमॅट करायची का’ असं विचारू लागली तर ‘नाही’च म्हणावं.

नव्या डिस्कवर काय टाकायचं हा प्रश्न होता. विंडोज इलेव्हनला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० लागतं, आमच्या तिसऱ्या पिढीला ती अधिकृतपणे चालत नाही. विंडोज टेनचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा तिच्यातही अर्थ नव्हता. म्हणून मोफत मिळणारं ६४ बिटचं लिनक्स मिंट टाकलं, त्यामुळे सहा जीबी रॅमही पूर्ण दिसू लागली. टाकताना अब्बांच्या डिस्कची केबल काढून बाजूला ठेवली. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसता येत नाही. वायफायचा डोंगल मात्र ओळखेना. त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवर आणि इंटरनेट डोंगलमधून! मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं, इंटरनेट आलं, ड्रायव्हर उतरवला. अर्ज त्याच दिवशी भरला गेला.

जुनी डिस्क परत जोडल्यावर संगणक पुन्हा विंडोज सेव्हनच उघडू लागला. बायोसमध्ये एसएसडीला पहिला क्रमांक दिला. आता इनपेज हवं असेल तेव्हाच सुरू करताना एफ११ दाबून जुनी डिस्क निवडतो (काही बोर्डांवर एफ८ किंवा एफ१२ असतं) आणि तेवढा वेळ इंटरनेट बंद ठेवतो, कारण विंडोज सेव्हनला जानेवारी २०२० पासून सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही.

अब्बांच्या फायली इनपेजमध्ये उघडून एकेक करून पीडीएफ केल्या. ४३ पानं निघाली. शेवटचं पान तरीतून खाडी ओलांडण्याच्या वर्णनावर मध्येच थांबतं, वाक्यही पूर्ण नाही. छापून अम्मीच्या हातात दिली. तिने पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, आणि म्हणाली, “यातलं अक्षर मोठं करता येतं का रे?” दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर आम्ही पुन्हा एफ११ दाबून बसलो.