कधी येणारा, कधी जाणारा बिघाड : कार्बोरेटरच्या ओम्नीची ओढ का जाते?

मारुती व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली, १९८८ मध्ये तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सुझुकी कॅरीवर बेतलेल्या या गाडीत ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि मागची चाके फिरवते. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्बोरेटरची जागा एमपीएफआयने, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शन यंत्रणेने, घेतली. त्याआधीच्या गाड्यांत पेट्रोल आणि हवेचे मिश्रण कार्बोरेटर करतो आणि ठिणगीची वाटणी डिस्ट्रीब्युटर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला डेल्को, करतो. या इंजिनाला संगणक नाही. त्यामुळे स्कॅनर जोडून बिघाड वाचता येत नाही. तो लक्षणांवरूनच ओळखावा लागतो.

गाडी सुरूच होत नसेल तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण तो समोर हजर असतो. अवघड असते ती मधूनच ओढ जाणारी गाडी. घाटात ती दम टाकते, पाच मिनिटे उभी केली की पुन्हा धावते आणि गॅरेजच्या दारात पोचते तेव्हा ठणठणीत असते. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, कार्बोरेटर उतरवून धुतला जातो, नवी कॉइल बसते आणि आठवड्याने तीच तक्रार परत येते. अशा बिघाडात कोणता भाग खराब झाला हा प्रश्न नंतरचा. ओढ नेमकी केव्हा आणि कशी जाते, हे आधी ठरवावे लागते.

लक्षणांची वर्गवारी

इंजिनाला ताकद देण्यासाठी चार गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात पेट्रोल, वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी, मोकळी हवा आणि सिलिंडरमधला दाब. दाबाचा दोष सहसा कायमचा असतो, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात संशय प्रथम पेट्रोल आणि ठिणगीवर जातो.

या दोघांचे वागणे वेगळे असते. पेट्रोल कमी पडले की ओढ हळूहळू ओसरते. ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग उतरतच जातो, तो थोडा सोडला तर गाडी सावरते. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलचा छोटा साठा असतो. पुरवठा पूर्ण तुटला तर भर वेगात तो काही सेकंदांत संपतो. नुसता अपुरा पडत असेल तर चढावर मिनिट-दोन मिनिटांनी त्याची जाणीव होते. ठिणगीचा दोष मात्र बहुधा एकदम येतो. गाडी झटके देते, मिसिंग मारते, सायलेन्सरमधून फटाके वाजतात आणि तितक्याच अचानक सगळे सुरळीत होते. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर बंद पडला तरी एक तृतीयांश ताकद जाते, त्यामुळे थरथर लगेच जाणवते.

परिस्थितीही दिशा दाखवते. फक्त पावसात त्रास होत असेल तर हाय टेन्शन वायरी आणि डेल्कोचे झाकण तपासावे. इंजिन पुरते तापल्यावरच होत असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा पेट्रोलची वाफ यांचा संशय घ्यावा. खड्ड्यांत होत असेल तर सैल जोड, आणि केवळ भर वेगात किंवा चढावर होत असेल तर पेट्रोल फिल्टर, पंप व मुख्य जेट पाहावे.

पेट्रोलची वाट

पेट्रोलची वाट टाकीच्या झाकणापासून पाहावी. पेट्रोल उपसले जाते तशी टाकीत बाहेरची हवा शिरायला हवी. हवेची वाट तुंबली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढणे जड जाते. ठरावीक अंतरानंतर गाडी मंदावणे आणि झाकण उघडताच आत हवा शिरल्याचा आवाज येणे ही याची खूण आहे. झाकण थोडे सैल ठेवून तेवढेच अंतर चालवल्यावर त्रास झाला नाही, तर दोष तिथेच सापडला.

टाकीच्या तळाला गंज, पाणी आणि गाळ साचतो. चालत्या गाडीत तो पेट्रोल उचलणाऱ्या नळीच्या तोंडाशी ओढला जातो आणि गाडी थांबल्यावर खाली बसतो. थोडी विश्रांती घेतली की गाडी बरी होते, ती बऱ्याचदा यामुळे. नवे फिल्टर थोड्याच दिवसांत पुन्हा काळे-तपकिरी झाले तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नसतो. रबरी नळ्याही दाबून पाहाव्यात. पंपाच्या ओढत्या बाजूच्या नळीला बारीक चीर असेल तर पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत शिरते. जुनी नळी आतून सुटून झडपेसारखी मिटते, हा दोष बाहेरून दिसतच नाही.

या इंजिनाचा पेट्रोल पंप यांत्रिक असतो. गॅरेजमध्ये त्याला एसी पंप म्हणतात. कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवते, दांडा पडदा हलवतो आणि दोन छोट्या झडपा पेट्रोलला एकाच दिशेने जाऊ देतात. पडदा थकला किंवा झडपेत कचरा अडकला तर पंप आयडलिंगपुरते पेट्रोल देतो, चढावर मात्र कमी पडतो. कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडून इंजिन स्टार्टरने फिरवले की पेट्रोलच्या चिळकांड्या जोरात आणि एकसारख्या यायला हव्यात. ही चाचणी थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत, कॉइलची वायर काढून आणि आग विझवण्याचे साधन जवळ ठेवूनच करावी.

ओम्नीचे इंजिन सीटखाली कोंडलेले असल्याने उष्णतेचा प्रश्न मोठा आहे. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यातले हलके भाग ३५–४० अंश सेल्सिअसपासूनच उकळू लागतात. उन्हाळ्यात गर्दीतून सरकताना किंवा घाट चढून थांबल्यावर नळीत वाफ धरते आणि पंप द्रवाऐवजी वाफच दाबत राहतो. पारदर्शक फिल्टरमध्ये बुडबुडे दिसणे आणि पंपावर ओले फडके ठेवताच गाडी सावरणे ही त्याची ओळख. उपाय म्हणजे नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेणे, उष्णता अडवणारा पत्रा जागेवर बसवणे आणि इंजिन जास्त तापत असल्यास त्याचे कारण दूर करणे.

कार्बोरेटरमध्ये सर्वांत आधी फ्लोट चेंबर उघडावा. निडल व्हॉल्व्ह अडकला तर पेट्रोल कमी येते किंवा ओसंडते. फ्लोटची पातळी चुकली तर मिश्रण बिघडते. मुख्य जेटमधला कण कधी भोक अडवतो, कधी बाजूला सरकतो. जेट तारेने टोकरू नये. भोक रुंद झाले की मिश्रणाचे माप कायमचे चुकते. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरेशी असते. जिथे आयडलिंगच्या मार्गावर सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे, तिथे त्याच्या वायरचा सैल जोडही गाडी मधूनच बंद पाडतो. गॅस किट बसवलेल्या गाडीत पेट्रोल रोखणारा आणखी एक सोलेनॉइड मध्ये येतो. किट बसवल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर तपासणीची सुरुवात तिथून करावी.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या गाड्यांपुढे नवे प्रश्न उभे केले आहेत. इथेनॉल पाणी शोषते, जुन्या रबरावर परिणाम करते आणि टाकीतला चिकटलेला थर सुटा करते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भागच. म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते. इंधनाला चालणाऱ्या नव्या नळ्या, नवा पडदा आणि फिल्टर ही या गाड्यांची आता नेहमीची गरज झाली आहे.

ठिणगीची वाट

फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. जुन्या गाड्यांत त्या डेल्कोतल्या पॉइंटच्या, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या, उघडझापीतून येतात. पॉइंटमधली फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवतात. डेल्कोच्या शाफ्टला खेळ असेल तर ही फट दर फेरीत बदलते. बंद इंजिनावर माप बरोबर येते आणि चालू इंजिनात चुकते. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड दिसले तर कंडेन्सर संशयित ठरतो.

पुष्कळदा निसटणारा दोष म्हणजे डेल्कोच्या आतली बारीक लवचीक वायर. व्हॅक्यूम ॲडव्हान्स काम करताना पॉइंटची पाटी फिरते आणि प्रत्येक वेळी ही वायर वाकते. वर्षानुवर्षे वाकून आतली तार तुटते, वरचे आवरण शाबूत राहते. पाटी एका स्थितीत असताना तार टेकते, दुसऱ्या स्थितीत सुटते. गाडी आयडलिंगला उत्तम चालते आणि ॲक्सिलरेटर देताच झटके खाते. वायर हलकेच ओढून पाहिली की ती रबरासारखी लांबते.

कॉइल तापल्यावर तिच्या आतली गुंडाळी तुटक होऊ शकते, म्हणून थंड कॉइलची चाचणी निर्णायक नसते. खात्रीची दुसरी कॉइल जोडून तोच रस्ता चालवणे बरे. रोटर आणि झाकणावरच्या केसाएवढ्या चिरा, काळ्या रेघा आणि ओल यांतून उच्च दाबाची वीज भलतीकडे पळते. अंधारात सीट उचलून चालू इंजिन पाहिले तर गळणाऱ्या निळ्या ठिणग्या स्पष्ट दिसतात. यासोबत बॅटरीचे टर्मिनल, इंजिन-बॉडीची अर्थिंगची पट्टी, चावीचा स्विच आणि फ्यूजचे जोड हलवून पाहावेत.

हवा आणि बाकीचे यंत्र

कार्बोरेटरखालचे गास्केट, मॅनिफोल्ड किंवा व्हॅक्यूमची नळी हवा पकडत असेल तर मिश्रण पातळ होते आणि आयडलिंगही डगमगते. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा चोक अर्धवट मिटलेला राहत असेल तर उलट घडते : काळा धूर आणि जड इंजिन. सायलेन्सर आतून कोसळला तर इंजिनाचा श्वास कोंडतो. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून इंजिन वाढत्या फेऱ्यांवर धरले असता काटा हळूहळू घसरत गेला, तर हे कारण धरावे.

ओढ जाते ती दर वेळी इंजिनाचीच असते असे नाही. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच प्लेट स्लिप होत असते. काही अंतर चालवून चाकाचा ड्रम चटका बसेल इतका तापला, तर ब्रेक जॅम आहेत. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर कार्बोरेटरची झडप पुरती उघडते का, हेही पाहावे.

बिघाडाच्या क्षणीच परीक्षा

ओढ गेली असताना केलेली एक चाचणी गॅरेजमधल्या दहा चाचण्यांपेक्षा जास्त सांगते. हाताने चालवायचा चोक असल्यास त्या क्षणी तो थोडा ओढावा. गाडी सावरली तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त आहे. फरक पडला नाही किंवा त्रास वाढला तर ठिणगीकडे वळावे. दुसरा उपाय टायमिंग लाइटचा. तिचा चिमटा कॉइलच्या मुख्य हाय टेन्शन वायरला लावून दिवा शेजारी बसलेल्याच्या हाती द्यावा. ओढ गेल्यावरही दिवा एकसारखा लुकलुकत राहिला तर ठिणगी बहुतेक निर्दोष आहे; तो अडखळला तर पेट्रोलच्या वाटेला हात लावण्याची गरज नाही. प्लगही बोलके असतात : टोक तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, पांढरट असेल तर पातळ, काजळी असेल तर जाड. तिघांपैकी एकच ओला असेल तर दोष त्याच सिलिंडरचा.

तपासणीचा क्रम स्वस्त आणि सोप्याकडून महाग आणि अवघडाकडे असावा : आधी झाकण, फिल्टर, नळ्या, टर्मिनल, मग पॉइंट, कंडेन्सर, वायरी, त्यानंतर पंप आणि कार्बोरेटर, शेवटी टॅपेट आणि कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काढलेला भाग जपून ठेवावा. दोन भाग एकदम बदलून गाडी बरी झाली तर कारण कळत नाही, आणि ते पुन्हा उद्भवले की शोध पहिल्यापासून करावा लागतो. दुरुस्ती झाली असे म्हणायचे ते गाडी गॅरेजभोवती फिरवून नव्हे, तर तेवढाच भार, तोच चढ आणि तेवढीच उष्णता यांत ती न अडखळता पार झाल्यावर.