म्हातारपणीचा रक्तक्षय : वयाला दोष देऊ नका

"आजोबांचं रक्त पाचच ग्रॅम आहे, डॉक्टर. या वयात वाचतील का?" रक्त तपासल्याचा कागद हातात घेऊन नातेवाईक मला असे नेहमी विचारतात. नुसत्या आकड्यावर ते ठरत नाही. रक्त कशामुळे कमी झाले आणि हृदयात किती जोर उरला आहे, यावर ते ठरते.

हिमोग्लोबिन पुरुषांत १३ व स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय समजावा. ८ च्या खाली तो तीव्र. हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचवते. ते घटले की हृदयाला जादा काम पडते. घट सावकाश झाली तर शरीर जुळवून घेते, म्हणून पाच ग्रॅमवरही काही वृद्ध चालत दवाखान्यात येतात. पण हृदय थकले की धाप, पायांवर सूज, भोवळ, छातीत दुखणे सुरू होते. "वय झालं, थकवा यायचाच," असे म्हणण्यात मोलाचे दिवस जातात.

वय हे रक्त कमी होण्याचे कारण नव्हे. कारण शोधावे लागते. सांधेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने जठरातून नकळत रक्त झिरपते. मूळव्याध, अल्सर, क्वचित आतड्याचा कर्करोगही असतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व मूत्रपिंडाचे विकार हीदेखील नेहमीची कारणे आहेत. बी-१२ कमी असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी गुण येत नाही. शौच डांबरासारखे काळे, चिकट होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

रक्ताच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम वाढते. वृद्धांना ते सावकाशच द्यावे लागते. घाईने दिल्यास हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी साठू शकते. तेव्हा "एकदम चार बाटल्या चढवा" असा आग्रह धरू नये. शिवाय कारण तसेच राहिले तर चढवलेले रक्त पुन्हा घटते.

लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर चालतील. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही त्या सुमारे तीन महिने चालू ठेवाव्यात. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका.

घरातील वृद्ध मंडळी पूर्वीपेक्षा लवकर दमत असतील, तर टॉनिकची बाटली आणण्याआधी त्यांचे रक्त तपासून घ्या.