जुन्या चांदीच्या रुपयाची पारख

सच्च्या माणसाला मराठींत ‘खणखणीत नाणें’ म्हणतात. पूर्वीं रुपया डोळ्यांइतकाच कानांनीं पारखला जात असे, याची ही खूण होय. सराफ तो फरशीवर टाकी आणि नादावरून खरेंखोटें सांगे. आतां ते कान दुर्मिळ झाले. हौस मात्र वाढली. लक्ष्मीपूजनासाठीं, अहेरासाठीं किंवा अडीअडचणीची पुंजी म्हणून राणीछाप व राजाछाप रुपये घेतले जातात, आणि त्या हौसेवरच नकली नाणीं करणारांचें पोट चालतें.

खोटें ओळखण्यापूर्वीं खरें कसें असतें हें ठाऊक पाहिजे. सन १८३५ मध्यें कंपनी सरकारनें आपल्या सर्व मुलुखासाठीं एकाच मापाचा रुपया ठरविला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, आणि त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी. हें प्रमाण १९३९ च्या रुपयापर्यंत टिकलें. पुढें महायुद्धाच्या काळांत, १९४० पासून, चांदी निम्म्यावर आली. १९४७ चे रुपये तर निकेलचे आहेत. १९४७ चा रुपया कोणी चांदीचा म्हणून देऊं लागला तर लोहचुंबक जवळ न्यावा. रुपया त्याला चिकटेल. नाणें खरें, पण चांदी नव्हे!

चुंबकाची परीक्षा एकतर्फी आहे. चिकटलें तें चांदीचें नव्हे, एवढेंच तीवरून ठरतें. तांबें, पितळ व शिसें यांनाही चुंबक ओढीत नाहीं. म्हणून दुसरी परीक्षा वजनाची. फार वापरलेला रुपया झिजून थोडा हलका भरतो. परंतु अक्षरें नव्यासारखीं ठसठशीत, आकार पुरा आणि वजन मात्र साडेनऊ-दहा ग्रॅम, असें आढळल्यास तो जर्मन सिल्व्हरसारख्या हलक्या धातूचा समजावा.

नकली नाणें जाड करून वजन साधलें, तर पाणी तें उघडें पाडतें. शतांश ग्रॅम दाखविणाऱ्या तराजूवर पाण्याची वाटी ठेवून आंकडा शून्यावर आणावा. मग रुपया बारीक दोऱ्यानें पाण्यांत पुरता बुडेल, पण तळाला टेकणार नाहीं, असा धरावा. १९३९ पर्यंतच्या पुऱ्या वजनाच्या रुपयाला आंकडा सुमारें १.१३ येतो, तितक्याच वजनाच्या जर्मन सिल्व्हरला सुमारें १.३५. चांदी अधिक घन असल्यामुळें ती कमी पाणी सारते, हें याचें कारण.

तथापि दुर्मिळ सालाचें नाणें चांदीचेंच, पण नकली असूं शकतें. तेथें डोळे हवेत. टांकसाळींतील रुपया ठशांमध्यें दाबून काढलेला असतो. त्याचीं अक्षरें रेखीव व कडेचे दांते सारखे असतात. सांच्यांत ओतलेल्या नाण्यावर बारीक खड्डे, बोथट अक्षरें आणि कधीं कडेभोंवतीं सांध्याची रेघ दिसते. दोन नाण्यांवर एकाच जागीं एकच ओरखडा असेल तर दोन्ही एकाच सांच्यांतलीं मानावीं.

इतिहासही साक्ष देतो. चलनांतील राणीछाप रुपयांवर १८६२ हेंच साल पुढें १८७३ पर्यंत घातलें जात होतें. त्यामुळें १८६८ सालचा रुपया पुढें आला कीं संशय घ्यावा. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ या अक्षरांसह रामदरबार किंवा हनुमंत असलेलीं नाणीं कंपनीच्या टांकसाळींतलीं नव्हेत. उलट, मराठेशाहींतील अंकुशी किंवा चांदवडी रुपया हातानें ठोकलेला. तो ओबडधोबड असणें आणि त्यावर फारसी मजकूर अर्धवट उमटणें हें दोष नव्हेत. तो यंत्रांतून निघाल्यासारखा गोल व गुळगुळीत असेल, तरच थबकावें.

सर्वांत मोठा धोका गोड कथेचा. खणतांना हंडा सांपडला, दागिना मोडण्याइतकीही सवड नाहीं, म्हणून स्वस्तांत देतों, असें सांगून एक खरा रुपया तपासावयास दिला जातो. उरलेली थैली खोटी निघते. अशा व्यवहारांत आयुष्याची शिल्लक गेलेलीं कुटुंबें असतात, आणि लाजेपोटीं तीं तक्रारही करीत नाहींत. वस्तुतः असा हंडा खराच सांपडला तरी १८७८ च्या कायद्यान्वयें तो कलेक्टरास कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें. तें खासगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं.

म्हणून नमुना विकणाऱ्यानें नव्हे, घेणाऱ्यानें निवडावा. प्रत्येक नाणें तोलावें. साल व वजन लिहिलेली पावती घ्यावी. नाणें घांसूनपुसून चकचकीत करूं नये, तेजाबाचा थेंबही टाकूं नये. त्यानें खऱ्याचीच किंमत घटते. आणि विकणारा तपासणीस वेळ देण्यास तयार नसेल, तर त्याचें नाणें त्याच्याच हातीं परत द्यावें.