निराधार तरुण आणि वाहनचालकाचा परवाना

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी १८०१ साली कंपनी सरकारचे रेसिडेंट टॉरिन यांना एक पत्र लिहिले. दोनच वर्षांपूर्वी राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. निदान रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे तरी आपल्या हाती राहावीत, अशी राजांची कळकळ होती. छत्र म्हणजे अन्नछत्र, धर्मशाळा आणि पाठशाळा एकाच छपराखाली. तेथे सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास यावे, असा पुकारा होई. वाटसरूंची पोरकी झालेली मुले छत्रातील पंतोजींच्या स्वाधीन केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, चार दिवसांनी एकदा तेलाचे अभ्यंग, वस्त्र, औषध आणि ज्याच्या त्याच्या आवडीची विद्या मिळे. विद्या पुरी झाल्यावर त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रच करी.

हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. मूल शिकले म्हणून छत्राचे काम संपत नसे. त्याला समाजात उभे करून देणे हाही त्या कामाचाच भाग होता.

आज बालगृहातील मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की संस्था सोडावी लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढील साहाय्याची, सोय सांगितली आहे. या वयात पोट भरण्याचे जे मार्ग दिसतात, त्यांत वाहन चालविणे हा एक. त्याला भांडवल लागत नाही आणि मालवाहू वा प्रवासी वाहनासाठी असलेली आठवी उत्तीर्णची अट २०१९ मध्ये रद्द झाली आहे. तंजावरसारख्या भातपिकाच्या मुलखात धान्य वाहून नेणाऱ्या लहान गाड्यांना चालक लागतच असतात.

अडचण येते ती कागदांची. परवान्याच्या अर्जाला वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो, आणि ज्याला घरच नाही त्याने पत्ता कोणता द्यावा? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत यावर एक वाट ठेवलेली आहे. नेहमीचे दाखले सबळ कारणाने देता येत नसतील, तर दंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र परवाना अधिकारी स्वीकारू शकतो. ‘शकतो’ हा शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावा. स्वीकारणे त्याच्या मर्जीवर आहे. म्हणून अशा तरुणाला कचेरीत एकट्याने न पाठविता, संस्थेतील जाणत्या माणसाने प्रतिज्ञापत्र आणि संस्थेचा दाखला घेऊन त्याच्याबरोबर जावे, हे उत्तम.

यापुढची अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. मधल्या काळात शेजारी परवानाधारक शिक्षक बसलेला असला पाहिजे, आणि परीक्षेला गाडीही आपणच न्यावी लागते. ज्याच्या नात्यागोत्यात गाडी नाही, त्याच्यासाठी शिकवणी वर्गाचे शुल्क कोणीतरी भरावेच लागते. वाहतुकीच्या गाडीसाठी वयाची अट वीस वर्षांची आहे. तेव्हा अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या तरुणाला आणखी दोन वर्षांचा आसरा लागतो.